पडद्यावरची सूज

कपाटाभोवती रबरी पट्टा आवळताना तो मधोमध तुटला. एक टोक थोरल्याच्या हातात होतं, दुसरं धाकट्याच्या. थोरल्याच्या डाव्या डोळ्यावर असा सणसणीत फटका बसला की तो टेम्पोच्या फाळक्यावरून थेट रस्त्यावर आला.

डोळा दाबून तो बोंबलत होता, आणि हे त्याचे धाकटे बंधुराज कपाटाला टेकून, तोंड ओंजळीत धरून बसलेले!

"मार मला लागलाय! तू कसला मुळूमुळू रडतोस? रिक्षा बघ!"

धाकटा उठला, धडपडला आणि रिक्षा घेऊन आला. वाटेत एक शब्द बोलला नाही. तसा तो कधी बोलायचाच कुठे? वयाची तिशी उलटली तरी सामान कुठे ठेवायचं तेही दादाला विचारायचा. धंदा थोरल्यानं उभा केला होता, गिऱ्हाइकं त्यानं जोडली होती. धाकटा म्हणजे दोन हात, दोन पाय आणि वर रिकामा मजला, असं तो चारचौघांत हसून सांगायचा. धाकटाही हसायचा. त्याचाच थोरल्याला जास्त राग यायचा.

डॉक्टरबाईंनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"डोळा शाबूत आहे. आतला पडदा मात्र सुजलाय, म्हणून समोरचं धूसर दिसतंय. फाटलेला नाही, हे नशीब समजा. सूज हळूहळू उतरेल. तोवर जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, गाडी चालवायची नाही. घरी बघायला कोण आहे?"

"मी आहे," धाकटा मागून म्हणाला. "आई गेल्यापासून आम्ही दोघंच."

"म्हणजे कोणीच नाही," थोरला म्हणाला.

घरी उशांवर रेलून तो हुकूम सोडू लागला. धाकटा सकाळी स्वयंपाक करून टेम्पो घेऊन जायचा, दुपारी डोळ्यात औषध घालायला धावत यायचा, पुन्हा जायचा. भाजीत मीठ विसरायचा. औषधाचा थेंब गालावर पाडायचा. चहा ओतताना बशीत सांडायचा. बोलताना मध्येच थांबून भलतीकडेच बघत राहायचा.

"पट्टा तूच जास्त ताणलास," थोरला रोज ऐकवायचा. "तुझ्यापायी हा डोळा गेला तर बघ."

"नाही जाणार दादा."

"तू काय डॉक्टर लागून गेलास?"

धाकटा मान खाली घालून फरशी पुसायला लागायचा.

मग एका सकाळी थोरल्यानं उठल्याउठल्या, रोजच्यासारखा उजवा डोळा झाकला आणि वर पाहिलं. पंख्याची पाती दिसली. पात्यांवरची धूळ दिसली. भिंतीवरची बारीक चीरसुद्धा दिसली. त्याच्या छातीत आनंदाची उकळी फुटली. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात धाकटा चहा घेऊन दारात आला.

"आज काही फरक, दादा?"

थोरल्याच्या मनात आलं, 'हो' म्हटलं की उद्यापासून गाडी, ओझी, गिऱ्हाइकांची कटकट. आणि हा गुलाम पुन्हा मोकळा.

"कसला फरक! सगळं धुकंच."

धाकट्याचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा थोरल्याला अगदी स्वच्छ दिसला, आणि गंमत वाटली.

त्याच आठवड्यात तपासणी होती. अक्षरांच्या पाटीवरच्या वरच्या दोन ओळी वाचून तो अडखळला.

"फोटोत तर सूज उतरलेली दिसतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण नजर यायला कोणाकोणाला वेळ लागतो. तुम्ही बाहेर बसा." मग धाकट्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा."

धाकटा बऱ्याच वेळानं बाहेर आला. पापण्या ओल्या होत्या.

"आत काय लग्न जमवत होतास?"

"औषधाचं विचारत होतो."

"एवढा वेळ? एका वाक्याला तुला तास लागतो."

घरात राहून आराम करण्याची ही मौज अजूनही लांबली असती. पण पुढे पंधरा दिवसांनी धाकट्यानं टेम्पो रोजच्या वाटेवरच्या फाटकाच्या खांबाला घासून आणला. उजव्या बाजूचा पत्रा पार सोलून निघालेला. थोरल्याचं डोकंच फिरलं.

"एवढा मोठा खांब! रोज बघतोस ना तो?"

"चुकलं, दादा."

त्या बावळट 'चुकलं'नं थोरल्याला शिसारी आली. पुरे झालं. असल्या माणसाच्या हातात गाडी राहिली तर धंदा भंगारात जाईल. दुसऱ्याच दिवशी तो दवाखान्यात गेला. धाकट्याला बाहेर बाकावर बसवलं आणि खुर्चीत बसून पाटीची शेवटची ओळ एका दमात वाचून काढली.

डॉक्टरबाईंनी पुन्हा वाचायला लावली. मग खुर्चीत मागे टेकल्या.

"पूर्ण नजर आली तुमची. अगदी आधी होती तशी."

"मग? उद्यापासून गाडी मीच चालवणार. भाऊ अगदी कुचकामी आहे हो माझा."

डॉक्टरबाईंनी दाराकडे, बाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही? तो पट्टा त्यांनाही लागला होता. मागच्या खेपेला मी त्यांचा उजवा डोळा तपासला, तर पडदा फाटून सुटत चाललेला. त्याच दिवशी ऑपरेशन करू म्हटलं. तेव्हा डोळा वाचला असता, आता आशा नाही."

"मग केलं का नाही त्यानं?"

"ऑपरेशननंतर काही दिवस पालथं पडून राहावं लागतं. मी अक्षरशः हात जोडले त्यांना. पण त्यांचं एकच, दादाला दिसायला लागलं की दुसऱ्या दिवशी येतो."