संगमावरची गाठ

औरादच्या गुंडेरावानं हिरव्या लुगड्यातल्या पहिल्या बायकोला, चांगुणेला, विहिरीत ढकललं आणि पाय घसरला म्हणून गावभर रडला. वर्षाच्या आत दुसरी करून तिला मोटारीनं गाणगापूरला घेऊन आला.

संगमावर पुजाऱ्यानं त्याच्या उपरण्याला नागूबाईच्या पिवळ्या पदराची गाठ मारली. जोडीनं दोघं पाण्यात उतरली. त्यानं नाक धरून बुडी मारली.

वर आला, तर नागूबाई काठावर केस पिळत उभी.

"गाठ कामून सोडलीस?"

"म्या न्हाई सोडली. पाण्यात शिरताच सुटली की."

उपरणं मात्र पाण्याखाली ताणलेलंच होतं. त्यानं ओढलं. गाठ वर आली, पक्की. पदर हिरवा होता.

मग खालून हिसका बसला.

"आणिक बुडी मारायलाव व्हय?" नागूबाई काठावरून हसली.