सरकारी कोंडवाडा

पुण्याच्या कॉलेजात विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीला सारंगखेड्याचा भिकन उभा राहिला आणि पहिल्याच भाषणात गरजला, "बेचाळीस साली सरकारी कोंडवाड्याचे ते तीन दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक!" दुपारी मेसमध्ये कोंडवाड्याचा तुरुंग झाला, तीन दिवसांचे तीन महिने झाले, आणि संध्याकाळी पोरं भिकनच्या पाठीवरचे वळसुद्धा मोजून सांगू लागली. भिकन कोणालाच नाही म्हणेना.

त्याच्याच गावच्या उखाचं डोकं फिरलं. शेवटच्या सभेत तो उठला आणि चार वर्षं जपलेली शुद्ध मराठी सोडून गावच्या अहिराणीत ओरडला, "कोंडवाडामा यानी म्हैस व्हती! हाऊ भाईर उभा ऱ्हाईसन रडी ऱ्हायंता!"

आत म्हैस होती आणि भिकन बाहेर रडत होता, हे कळून सभा गार पडली. भिकनने मात्र शांतपणे हात जोडले. "मित्रहो, ज्या सरकारनं मुकी म्हैससुद्धा सोडली नाही, त्या सरकारपुढे हा भिकन झुकला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

उखा मटकन खाली बसला. गावाकडे एक ढोर कोंडवाड्यात घालायचं तर चार माणसांना काठ्या घेऊन हाकावं लागे. इथली तर टाळ्या वाजवत आपणहून आत शिरत होती.