आठव्या दिवसानंतरचं अंडं

प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांच्या धाकट्या मुलीला लेक झाली, त्या वर्षीची गोष्ट. बाळ सतरा दिवसांचं असताना प्रयोगशाळेच्या इन्क्युबेटरमध्ये, अगदी मागच्या कोपऱ्यात, तिथल्या प्राध्यापक बाईंना एक अंडं सापडलं. कवचावर पेन्सिलीने तारीख आणि जनुकाचं नाव लिहिलं होतं. अक्षर काकांचं.

मासा, बेडूक, कोंबडी, सगळ्यांच्या गर्भात हृदय घडवणारं एकच जनुक बाई तपासत होत्या. अंड्याला बारीक खिडकी पाडायची, आतलं ते जनुक बंद पाडायचं, वर टेप लावून अंडं उबेला ठेवायचं. आठव्या दिवशी सगळी अंडी फ्रीजरमध्ये. त्यापुढे ती तशीही फार टिकत नसत. उबेचं आणि फ्रीजरचं काम सव्वीस वर्षं काकांकडे होतं. विद्यार्थी त्यांना कोंबडेमामा म्हणत. काका म्हणत, आरवायचं तेवढं राहिलंय.

बाईंनी अंडं पुढे केलं तेव्हा काका तुकड्यातुकड्याने बोलले. नातीच्या हृदयात खोट निघाली होती. आठवड्याने रिपोर्ट आला, त्यातला एकच शब्द त्यांना वाचता आला, कारण तो ते रोज अंड्यांवर लिहीत. ती जन्मली त्याच दिवशी हा ट्रे आत गेला होता. आठव्या दिवशी बाकीची अंडी त्यांनी काढली. या एकाला हात लावायचा धीर झाला नाही.

"तुम्हीच मुलांना शिकवता ना, मासा काय नि माणूस काय, हृदयाची सुरुवात एकच," काका म्हणाले. "हे एकवीस दिवस काढून बाहेर आलं, तर तीही निभावेल. उद्या ऑपरेशन आहे. आज मला बघवलं नाही. तुम्ही बघा."

एका अंड्यावरून काही ठरत नसतं, हे बाई पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत. काकांना त्यांनी ते सांगितलं नाही. खोलीतला दिवा मालवला आणि अंडं तपासायच्या छोट्या दिव्यावर धरलं. जिवंत गर्भाच्या लाल शिरा कवचाखाली दिसतात, त्या दिसेनाशा झाल्या होत्या. आतली सावली एका कडेला बसली होती. बाईंनी अंडं हळूच फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"हलतंय," त्या म्हणाल्या.

काकांनी अंडं हातात घेतलं. ते त्यांनी दिव्यावर धरलं नाही.

"बाई, तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी अंडं होतं त्याच कोपऱ्यात ठेवलं, इन्क्युबेटरचं दार लावलं आणि नेहमीसारखं तापमान बघितलं. साडेसदतीस.

नात दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता ऑपरेशनच्या टेबलावर वारली. अठरा दिवसांची होती.