हाताला बसणारी कात्री

"ही जड आहे, भास्कर," वसुंधराबाईंनी तिसरी कात्री काउंटरवर ठेवली. "दहा फांद्या छाटल्या की मनगट भरून येईल. दुसरी दाखव."

भास्कर हे उन्मेषच्या वडिलांचं नाव. पण त्याने दुरुस्त केलं नाही. जुनी गिऱ्हाइकं त्याला सर्रास बापाच्या नावाने हाक मारत. गोत्री भागातल्या त्याच्या दुकानात बागेचं सामान घेणारे थोडेच, आणि त्यात अशी पारख असलेले तर विरळाच. वसुंधराबाईंनी तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. समोरचा माणूस त्यांना अजूनही नववीतलाच वाटे.

त्यांचे यजमान हंबीरराव शेजारी उभे होते. हातात पिशवी, डाव्या तर्जनीला पट्टी. वाघोडियाच्या कारखान्यात दोनशे माणसांवर हुकमत चालवलेला हा गृहस्थ इथे अगदीच बापुडा दिसत होता.

"महिन्याभरात तीन कात्र्या हरवल्या यांनी," वसुंधराबाई म्हणाल्या. "मी जागच्या जागी ठेवते. हे उचलतात आणि कुठे टाकतात, देव जाणे. हल्ली काही लक्षातच राहत नाही यांच्या. खरं ना हो?"

"खरं आहे," हंबीरराव म्हणाले.

"हे बोटही असंच. कशाने कापलं विचारलं, तर म्हणतात आठवत नाही."

उन्मेषला वाईट वाटलं. त्याच्या आजोबांचंही असंच सुरू झालं होतं. पुढे पुढे त्यांना घरचा रस्ता सापडेना.

"काका, बेसो ना," सवयीच्या गुजरातीत म्हणत त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"नको. उभाच बरा." हंबीररावांची नजर बायकोच्या हातावर होती.

चौथी कात्री हलकी निघाली. मुठीला रबर, स्प्रिंग मऊ, खटका अंगठ्याने उघडणारा. वसुंधराबाईंची बोटं सांध्यांशी सुजलेली होती, तरी कात्री त्यांत अलगद बसली. त्यांनी ती दोनदा उघडझाप केली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"परवापासून नीट जेवली नाहीये ती," हंबीरराव हळूच उन्मेषला म्हणाले. "हातात कात्री नसली की हिचा जीव कशातच लागत नाही. घरभर शोधत फिरते. रडतेसुद्धा."

उन्मेषने दारातल्या कुंडीतली मेंदीची काडी तोडून आणली. "कापून बघा, काकी."

हंबीररावांनीच ती काडी घेतली, काउंटरवर ठेवली आणि हात झटकन मागे घेतला. वसुंधराबाईंनी एका दमात ती कापली.

"बघ, तिरका काप. फांदीवरच्या डोळ्याच्या पाव इंच वर. पाणी साठत नाही." त्या खूश होत्या. "हीच दे. आणि आता यांना हात लावू देणार नाही मी."

कात्री विकली की मागच्या मशीनवर धार लावूनच द्यायची, ही दुकानाची जुनी रीत होती. उन्मेषने पाच मिनिटं मागितली.

"चांगली कडक लाव हो," वसुंधराबाई म्हणाल्या आणि बाहेर थांबवलेल्या रिक्षात जाऊन बसल्या. तिथूनच त्यांनी बजावलं, "कात्री आणायला विसरू नका म्हणजे झालं."

हंबीररावांनी मान डोलावली.

उन्मेष जरा मोठ्याने, सुटे सुटे शब्द करून बोलला. विसरणाऱ्या माणसांशी असंच बोलावं, हे तो आजोबांच्या वेळी शिकला होता. "काका, एक कागद देतो. कात्री कुठे ठेवली, ते त्यावर लिहायचं. म्हणजे सापडेल. आधीच्याही घरातच असतील बघा."

"माळ्यावर आहेत तिन्ही," हंबीरराव म्हणाले. "मीच लपवल्यात."

मशीनच्या बटणावर गेलेला उन्मेषचा हात थांबला.

हंबीररावांनी एकदा रिक्षाकडे पाहिलं. वसुंधराबाई तिथून हात हलवत होत्या. त्यांनीही हात हलवला.

"धार लावू नकोस, बाळा. आहे तीही घासून टाक," ते म्हणाले. "परवा तिला माझं बोट गुलाबाची फांदी वाटलं."