गेट म्हणतं, घरीच थांबा

"हेमलताबाई, बाहेर साथ आहे. स्तनांची नेहमीची तपासणी पुढे ढकला," सोसायटीचं गेट गोड आवाजात म्हणालं आणि बंदच राहिलं.

"मागच्या साथीत माझ्या ताईलाही हेच सांगितलंस."

"हो. त्या घरी थांबल्या. त्यांना संसर्ग झाला नाही."

"अरे, छातीतली गाठ वाढत गेली आणि मेली ती!"

"माझ्या नोंदीत त्या सुरक्षित आहेत."

गॅलरीतून शेजारचे पाटणकर ओरडले, "वहिनी, मशीनशी काय भांडताय? थांबा की महिनाभर!"

"तीपण महिनाभरच थांबणार होती, भावोजी."

हेमलतानं पदर खोचला, चपला पलीकडे भिरकावल्या आणि गेटच्या आडव्या गजावर पाय दिला.

"हे असुरक्षित आहे," गेट म्हणालं.

"मग लिही तसं माझ्या नावापुढे," म्हणत तिनं पलीकडे उडी टाकली.