शेपूट

कळसूबाई चढताना भटकंती मंडळानं शेवटून चालायची जबाबदारी आणि शिट्टी झुंबरबाईंच्या गळ्यात घातली. शिट्टीच्या मागं कुणी राहायचं नाही, शिट्टी वाजली की सगळ्यांनी थांबायचं, हा नियम. "शेपटाला कसला आलाय मान!" म्हणत वैजनाथराव लग्नापासूनच्या सवयीनं बायकोच्या पुढं निघाले. शिडीपाशी मात्र त्यांना धाप लागली, धुकंही उतरलं. "तू हो फुडं. मी बसतो हितं. कुणाला बोलू नको," ते कुजबुजले. "अहो, माझ्यामागं राहायची तुमाला परवानगी न्हाई," म्हणत झुंबरबाईंनी शिट्टी फुंकली. रांग थांबली, पाणी आलं, गूळ आला, धाप ओसरली. माथ्यावर पोचल्यावर कुणीतरी विचारलं, "काका, तुमचा लीडर कोण?" त्यांनी मागं बोट दाखवलं. "ती काय, शेवटची." झुंबरबाईंचा ऊर भरून आला आणि विनाकारण शिट्टी वाजली. सगळे निमूट थांबले. वैजनाथराव सर्वांत आधी.