लिस्टवरचं नाव

"दाखव बघू," गाडीची काच खाली करत अरुणा म्हणाली.

दातांच्या दवाखान्यातून बाहेर आलेल्या परीक्षितने फुटपाथवर उभं राहूनच आईला बत्तीशी दाखवली. तिशी ओलांडलेला घोडा, पण लाजला नाही.

"काय म्हणाले?"

"ऑल क्लिअर. फिलिंग नाही, काही नाही."

"आणि क्लीनिंग?"

"झालं ना. चल आता."

तो शेजारी बसला, मागच्या सीटवरच्या पिशवीत हात घातला आणि गरम कचोरी काढून सरळ तोंडात टाकली. तो आत असताना ती लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर, देशी दुकानांत, भाजी घ्यायला गेली होती, तिथूनच त्याच्यासाठी आणलेली.

"अरे, आत्ताच पॉलिश केलंय ना? अर्धा तास तरी थांब!"

"आय अ‍ॅम स्टार्व्हिंग, आई."

तिने गाडी सुरू केली. त्याच्यावर रागवायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

रागापायी एकदा होत्याचं नव्हतं झालं होतं. नवरा, अजय, गेला त्याच वर्षी परीक्षितने लेस्टर सोडून कार्डिफची नोकरी धरली. तो आपल्याला टाकून पळ काढतोय असं अरुणाला वाटलं, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. शब्दाने शब्द वाढला. "या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला. "नको टाकूस," ती म्हणाली. दोघंही एकाच हाडाची. मग कित्येक महिने फोन नाही की मेसेज नाही. तिचा जीव तीळतीळ तुटायचा, पण 'ये' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी दात मदतीला आले. इंग्लंडमध्ये एनएचएसचा, म्हणजे सरकारी योजनेतला, डेंटिस्ट मिळणं म्हणजे लॉटरी. चेकअपला गेलं नाही की नाव लिस्टवरून उडतं, मग बसा वर्षानुवर्षं दाढ धरून. अरुणाने फोन उचलला आणि होईल तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं, "तुझा सहा महिन्यांचा चेकअप आलाय. नाव जाईल लिस्टवरून."



"दातांसाठी येतो," तो म्हणाला. "अपॉइंटमेंट माझी मी घेईन."

तेव्हापासून तो वर्षातून दोनदा येऊ लागला. शुक्रवारी दुपारी दवाखाना, रविवारी जेवून परत. तिला मात्र आत येऊ देत नसे. "मी काय पाच वर्षांचा आहे?" म्हणे.

घरात बोलणंही दातांचंच. फ्लॉस करतोस ना? हिरड्यांतून रक्त नाही ना येत? दात किडायला लागला तरी आधी कळत नाही बाबा, म्हणून दुखत नसलं तरी दाखवत राहायचं. हे ती त्याला दर खेपेला ऐकवी आणि तो निमूट मान डोलवी. तिला म्हणायचं असे, तुझ्यावाचून घर खायला उठतं रे. तोंडातून निघे, "टूथब्रश बदललास का?"

दातांसाठी का होईना, येतो तर खरा. तेवढ्यावर ती पुढचे सहा महिने काढायची.

या वेळीही तो रविवारी गेला. सोमवारी शेजारची शिल्पा कुंपणापलीकडून म्हणाली, "अगं, आपल्या डेंटिस्टकडे बाहेरगावच्या लोकांची नावं काढतायत म्हणे. परीक्षितचं बघून घे हो."

अरुणा तशीच घरात आली. नाव गेलं तर त्याला यायला निमित्त काय उरलं? आणि निमित्ताशिवाय तो येईल, एवढी आशा तिला नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताच ती रिसेप्शनपाशी हजर. तिथे शशी बसायची. लेस्टरमध्येच जन्मलेली, मराठी बोलायची हौस दांडगी, पण तो-ती-तेचा कायमचा घोटाळा.

अरुणाने तिच्यापुढे दाताच्या कण्या केल्या, त्याही दातांच्याच दवाखान्यात.

"शशी, हवं तर माझं नाव काढ. माझे दात काय, आज आहेत, उद्या नाहीत. पण परीक्षितचं राहू दे गं. एकही चेकअप चुकवत नाही तो. तू बघतेसच की."

शशीची बोटं कीबोर्डवरच थांबली.

"आंटी, आम्ही कोणाचीच नाव काढत नाही. कुणी सांगितली तुम्हाला? बट परीक्षितची..."

"त्याचं काय?"

"त्याची नाव तर इथे नाहीच. कार्डिफला मूव्ह झाला ना, तेव्हाच त्याने फोन करून काढायला सांगितली. तिथे डेंटिस्ट मिळाली त्याला. आय थॉट तुम्हाला माहीत आहे."

"अगं, काहीतरीच काय? परवा शुक्रवारी माझ्यासमोर आत आला तो!"

"हो, येतो ना, एव्हरी टाइम." शशीने भिंतीजवळच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. "तिथे बसतो. म्हणतो, आई बाहेर आहे, थोडा वेळ बसू का?"